हुंगलेला डबा

तीन पुडांचा स्टीलचा डबा. कांद्याचा नेमका तपकिरी रंग. तीनशेची साठ झालेली ताटं. छोट्या चपलेचा एक पाय. आणि एक हाक: "नाकाडे!"

नाकाडे म्हणजे ऑफिसच्या कँटीनचा आचारी. साथीआधी भाजी बुडाला लागायच्या आत तो दारातून ओरडायचा. मॅनेजर हसायचा, "नाकाडे, तुझ्या नाकाचा विमा काढायला हवा." तेव्हा उरलेलं अन्न घरी न्यायची त्याला लाज वाटायची.

साथीत त्याला वास येणं बंद झालं. पुन्हा आलाच नाही. तो कुणाला बोलला नाही. वास न येणाऱ्या आचाऱ्याला कोण ठेवणार? कांद्याचा रंग बघून, घड्याळाकडे बघून तो रांधू लागला.

ऑफिसात माणसं कमी झाली, तीनशेऐवजी साठच ताटं लागू लागली. पगार निम्मा झाला. बायको चार घरी स्वयंपाक करायची, ती चारही कामं सुटली. नवं काम मिळतं का, म्हणून ती रोज दारं वाजवून यायची. आता कँटीनमधलं दुपारचं उरलेलं डब्यातून यायचं. तेच घराचं जेवण.

उंबऱ्यातच तो डबा तिच्यापुढे धरायचा.

"बघ गं जरा. मला दिवसभर वास घेऊन वीट आलाय."

ती झाकण उघडायची, नाक आत घालायची, लांब श्वास घ्यायची. "मस्त आहे."

मग मुलीला घेऊन तिघं जेवायला बसायची.

त्या मंगळवारी खूप उकडत होतं. सात वर्षांच्या मुलीनं ताट सरकवलं. "आई, घाण वास येतोय."

"नखरे नकोत, महाराणी. बाबांच्या हातचं आहे."

मुलीनं नाक चिमटीत धरलं आणि खाल्लं. शहाण्यासारखी खातेय म्हणून दोघांनी आपल्या ताटातली भाजीही तिला वाढली.

शुक्रवारी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात डॉक्टर आले. "खूप उशीर झाला होता," एवढंच म्हणाले आणि गेले.

नाकाडे भिंतीला टेकून खाली बसला.

"मला वासच येत नाही गं. साथीपासून. पण तू... तू तर रोज हुंगायचीस!"

बायको मांडीवरच्या छोट्या चपलेचा बंद लावत होती, काढत होती.

बायकोला वास येणं साथीतच, त्याच्याही दोन दिवस आधी बंद झालं होतं.