तेहतीस मणी

बायनाबाई गळ्यापर्यंत पाण्यात उतरली आणि काठावर हरिदासच्या येरझाऱ्या सुरू झाल्या.

उंबरापासून नावेच्या खुंट्यापर्यंत दहा पावलं, परत दहा. डावा पाय ओढत, काठी रेतीत रोवत. नुकतं उजाडत होतं. वर्धा नदीच्या पाण्यावर वाफ तरंगत होती आणि त्या वाफेत बायकोचं तेवढं डोकं दिसत होतं. माघस्नानाचा तिसरा दिवस होता.

त्र्याऐंशी सालचा माघ भारी गारठ्याचा निघाला. बायनाबाईला दमा; थंडीत भिजायचं नाही, असं चंद्रपूरच्या डॉक्टरनं बजावलं होतं. त्याच डॉक्टरनं हरिदासला चालायला सांगितलं होतं. पण घरावरची कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना तो छपरावरून पडला, तेव्हापासून सात महिने त्यानं बाज सोडली नव्हती. माजरीच्या खाणीवरच्या कामाचा तर नादच सोडला होता. दोन पावलं टाकली की म्हणे, मले नाई जमत.

बायनाबाईनं कुणाचंच ऐकलं नाही. महिनाभर पाण्यात उभं राहून जप करायचा, नेम मोडायचा नाही.

"थंडीले भ्याचं नसते," एवढंच ती म्हणाली. "रोज जरासं जास्त उभं रायलं का देह वळणावर येते. मन बी."

पहिल्या दिवशी हरिदास भिंत धरत, तिला बोल लावत घरामागचा उतार उतरला. न उतरून करतो काय? पाण्यात तिला दम लागला तर हाक मारायला तरी कुणी हवं.

चौथ्या दिवशी त्याला युक्ती सुचली. ती चुलीशी असताना त्यानं तिच्या जपाच्या तुळशीमाळेची गाठ सोडली आणि अकरा मणी काढून घेतले. आठवड्यानं आणखी अकरा, पुढे पुन्हा अकरा. जप लवकर आटपावा, ती लवकर बाहेर यावी. देवाला फसवल्याचं भय वाटे; पण तिच्या छातीची घरघर आठवली की ते मागं पडे.

नवल हे, की मणी घटले तरी वेळ वाढतच गेला. गारठ्यानं हिची जीभ जड होत असेल का? त्याचा जीव थाऱ्यावर राहत नसे.

एकदा पाय ठणकला म्हणून तो शेजारच्या मीराबाईनं पेटवलेल्या शेकोटीशी टेकला. तिकडं बायनाबाईचे ओठ निळे पडले, तरी ती हलेना.

"भाऊ, शेकाले आले का इथी?" मीराबाईनं टोमणा मारला. "उठा की."

तो उठला. तरातरा फेऱ्या घालू लागला, दर फेरीला हाक मारू लागला. बऱ्याच वेळानं ती निघाली.

माघी पौर्णिमेला, नेमाच्या शेवटच्या दिवशी, ती बाहेर आली तेव्हा ऊन उंबराच्या शेंड्यावर उतरलं होतं. हरिदासला घाम फुटला होता. त्यानं तिला घोंगडं पांघरलं आणि खिशातले तेहतीस मणी तिच्या गार तळव्यावर ठेवले.

"मीच काढले. तुह्या व्रताले खोट लागली. पाप मले लागू दे."

बायनाबाईनं मणी कपाळाला लावले.

"माळ हलकी लागली तवाच समजलं. पण मी मणी ओढलेच नाई."

"मंग महिनाभर मोजून काय रायली होती?"

तिनं रेतीकडं पाहिलं. उंबरापासून खुंट्यापर्यंत पायवाट पडली होती. तिच्यात काठीचा ताजा ठसा कुठंच नव्हता. काठी घरी, बाजेला टेकून होती.

"तुमच्या फेऱ्या," ती म्हणाली. "आज एकशेआठ भरल्या."