दहापैकी दहा

बाईंनी सहावं वाक्य पुन्हा वाचलं आणि लाल पेनाला टोपण लावलं.

गृहपाठ साधाच होता. इंग्रजीतल्या सारख्या उच्चाराच्या शब्दांच्या जोड्या त्यांनी फळ्यावर लिहून दिल्या होत्या. उच्चार एक, स्पेलिंग दोन, अर्थ दोन. प्रत्येक जोडीचं एक वाक्य करायचं. निम्म्या वर्गाने नेहमीसारखी माती खाल्ली होती. एकाने तर 'वीक'च्या घोळात अख्ख्या आठवड्यालाच आजारी पाडलं होतं. चिमणीच्या वहीत मात्र एकही चूक नव्हती.

चिमणी म्हणजे मागच्या बाकावरची, तोंडातून शब्द न फुटणारी मुलगी. वर्गात हेच शब्द विचारले की तिची भंबेरी उडायची. अक्षरही वर्गात कोंबडीचे पाय आणि गृहपाठात मोत्याचे दाणे. "घरी मी सावकाश लिहिते," असं ती म्हणाली होती, आणि बाईंना ते पटलं होतं.

आजवर बाई स्पेलिंग बघायच्या, खूण करायच्या आणि पुढची वही ओढायच्या. आज पहिल्यांदाच त्यांनी वाक्यं वाचली. 'आठवडाभर अशक्तपणा होता, उठता येत नव्हतं.' 'खिडकीच्या काचेवर डोकं आपटलं, वेदना अजून जात नाही.' 'इथे ओरडलेलं कुणाला ऐकू जात नाही.'

त्यांनी मागची पानं उलटली. सगळीकडे तेच, आणि प्रत्येक पानाखाली त्यांच्याच हातचे दहापैकी दहा.

मधल्या सुट्टीत त्यांनी चिमणीला थांबवून घेतलं.

"दिवसभर घरी कोण असतं गं?"

"आई."

बाईंनी वही उघडून वाक्यांवर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

चिमणी रडकुंडीला आली. "आईला सांगू नका, बाई. ती म्हणाली, कुणाला कळता कामा नये."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सख्खी आई, आणि वर पोरीला धमकावते. तीन वर्षांत ती बया एकदाही शाळेकडे फिरकली नव्हती. वडील मात्र दर पालकसभेला वेळेआधी हजर, बोलायला गोड. घरात काय चाललंय याचा बिचाऱ्याला पत्ताही नसणार. पोरीला वाचवायचं तर आता हयगय नको, असं म्हणत त्यांनी त्याच दुपारी वडिलांना बोलावून घेतलं.

वडिलांनी वही हातात घेतली. पानामागून पान, बराच वेळ.

"अक्षर छान आहे," ते म्हणाले.

"घरी सावकाश लिहिते म्हणाली."

"असं म्हणाली?" त्यांनी वही मिटली. "आणखी कुणी वाचलंय हे?"

"नाही. फक्त मी. आधी तुमच्याच कानावर घालावं म्हटलं."

"फार बरं केलंत. वही नेऊ का?"

"न्या. पण जरा सांभाळून. मुलगी घाबरलीय."

"तिला कशाला कोण काय करतंय," ते हसून म्हणाले. "मी बघतो."

बाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. कितीतरी दिवसांनी त्या गाणं गुणगुणत घरी गेल्या.

दोन दिवस चिमणी आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आजी, वडिलांची आई, तिला फाटकापाशी सोडायला आली. सून जिन्यावरून पडली, म्हणाली. दवाखान्यात आहे, अजून शुद्ध नाही. बाईंना वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. पोरगी तरी सुटली, एवढंच मनात आलं.

वर्गात त्यांनी चिमणीच्या पाठीवरून हात फिरवला. समोर नवी कोरी वही होती, पान रिकामं.

"घाई नको गं. आजची वाक्यं सावकाश कर."

"मला नाही येत, बाई," चिमणी खाली बघत म्हणाली. "ती आई लिहायची. म्हणायची, एक ना एक दिवस बाई वाचतील."