उघाडीची फळी

जूचंद्रच्या बांधाला एक उघाडी होती. भरतीला तिची फळी खाली टाकून खाडीचं खारं पाणी अडवायचं आणि ओहोटीला वर ओढून शेतातलं पावसाचं पाणी सोडायचं, अशी गावाची रीत. खारं पाणी एकदा आत शिरलं की दोन वर्षं दाणा पिकत नसे. पण यंदा फळी फुगून खालीच अडकली आणि चार दिवस अख्ख्या गावाचं भात पावसाच्या पाण्याखाली राहिलं.

श्रीपत रोज बांधावर जाऊन हात हलवत परत यायचा. "ठान्याहून बांधखात्याचा साहेब येल, तो बघंल."

"भात कुजल्यावर येल तुमचा साहेब!" बायको भागूबाई कडाडली.

ते त्याच्या जिव्हारी लागलं. पहाटेच्या ओहोटीला त्यानं कुऱ्हाड उचलली आणि कुणालाही न विचारता फळीचे तुकडे केले. पाणी धो धो खाडीत पळालं, हिरवी पाती वर आली. गावानं त्याला खांद्यावर बसवून घरी आणलं.

भागूबाईनं कौतुकानं चहा पुढं केला.



"घ्या, नि लगेच जाऊन फळी टाकून या. आज अवस हाय, दुपारी मोठं उधान येल."