सातवं पिंप

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सातव्या पिंपातली लाल वाइन पेल्यात ओतली गेली. वासावरून वाइन पारखणाऱ्या नाकवाल्यांनी पेला गोल फिरवला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. त्यांना कसलाच वास आला नाही.

यायचा प्रश्नच नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी घरात सगळेच तापानं आडवे झाले होते. ताप उतरला, पण जाताना त्यांचं नाक घेऊन गेला. सव्वीस वर्षं ज्या नाकावर घर चाललं, ते आता चष्मा टेकवण्यापुरतं उरलं होतं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, मुलीला तर नाहीच.

"सावकाश होऊ द्या," समोर बसलेल्या मालकीणबाई म्हणाल्या. "सहा पिंपं मोठ्या टाकीत गेलीत. या सातव्याच्या लाकडाचा मला भरवसा वाटत नाही. बुरशी निघाली तर अख्खी टाकी नासेल. वर्षभराचा माल आहे, नाकवाले. यंदा माल परत आला, तर दाराला कुलूप लावायचं."

नाकवाल्यांनी घोट घेऊन तोंडात घोळवला. आंबट कळलं, तुरट कळलं. बुरशी जिभेला कळत नाही. मानेवरून घामाचा ओघळ सदऱ्यात उतरला.

त्यांची सारी भिस्त मुलीवर होती. मागच्या स्वयंपाकघरात ती वाइनसोबतचे पदार्थ करायची. आधी स्वतः घोटभर चाखायची, मग ताटली ठरवायची. वाइन चोख असली की मिरपूड लावून भाजलेलं मटण. लाकडाचा दोष असला की मटण तो उघडा पाडतं, म्हणून जुनं चीज. चीज सगळं पोटात घेतं. हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. आज फक्त ताटली बघायची आणि बोलायचं, एवढंच काम होतं.

दार ढकलून मुलगी आली. तिच्या दोन्ही हातांत ताटल्या होत्या. ती दारातच थांबली.

"दोन कशाला गं? पंगत बसवायचीय का?" मालकीणबाई म्हणाल्या.

"एकच ठेवतेय, बाई." पण ती हलली नाही.

नाकवाल्यांनी नाक पेल्यातून काढलं नाही. चेहऱ्यावर तो नेहमीचा निवांतपणा आणला.

मुलीनं सुस्कारा सोडला आणि मटणाची ताटली टेबलावर ठेवली.

त्यांचा जीव भांड्यात पडला. "चोख आहे," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "या मिरपुडीला अशीच वाइन हवी. सोडा टाकीत."

कागदावर सही झाली. अकरा पस्तीसला पंप सुरू झाला.

"तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं हो?" मालकीणबाई उठता उठता म्हणाल्या.

"दुसरं नाक शोधलं असतंत!"

त्या हसत निघून गेल्या. नाकवाले स्वयंपाकघरात आले आणि स्टुलावर मटकन बसले. मुलगी ओट्याला टेकून उभी होती.

"आज तू तारलंस, बाळा," ते म्हणाले. "आता लपवत नाही. तापात माझं नाक गेलं. आज तुझ्या ताटलीवर सही केली मी."

मुलीच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"बाबा, तुमचंसुद्धा?"

ते स्टुलावरून उठले.

"मला त्या तापापासून करपलेला कांदासुद्धा कळत नाहीये," ती म्हणाली. "म्हणून तर दोन्ही ताटल्या घेऊन आले. तुमचा चेहरा बघितला आणि मटण ठेवलं."

भिंतीपलीकडे पंप थांबला. पिंप रिकामं झालं होतं.