तळाची काच

बोटीच्या तळाला काच होती. रंगीत मासे बघायला बेटावर येणारी सगळी जोडपी त्याच बोटीत बसायची. पाणी काळं दिसायला लागलं, तसं नावाड्याने काचेवर गोणपाट अंथरलं.

"इथे आम्ही खाली बघत नाही," एवढंच तो म्हणाला.

"मग काय आभाळातले मासे बघायचे?" मी म्हणाले.

एरवी यावर नवरा आधी खिदळला असता. पण सकाळी समुद्रात पोहून आल्यापासून तो गप्पच होता. लग्नातली अंगठी पाण्यात पडली, म्हणून तोंड पाडून बसलाय असं मला वाटलं.

"जाऊ दे रे, दुसरी करू," मी म्हणाले. तो नुसता हसला.

तेवढ्यात गोणपाटाखालून आवाज आला. टक टक. जरा थांबून, टक.

बाथरूममध्ये टॉवेल न घेता गेला, की नवरा आतून दारावर अंगठीने अगदी असंच वाजवतो.

"मासे असतील," नावाडी म्हणाला. माझ्या नवऱ्याकडे बघायचं मात्र तो टाळत होता.

मी गोणपाटाचं टोक उचललं.

खालून काचेला एक तळहात चिकटला होता. बोटात ती अंगठी होती. हातामागे माझ्या नवऱ्याचा चेहरा होता. डोळे फाडून, जोरजोरात मान हलवत तो माझ्या मागे बघत होता.

माझ्या खांद्यावर हात पडला. सकाळपासून तो वाळलाच नव्हता.

"झाक गं ते," मागून नवरा मायेने म्हणाला. "होईल त्याला सवय."