राखणीचा रेडिओ

सोमाजी घरी आला तेव्हा नवा जावई पडवीत रेडिओ उघडून बसला होता. रेडिओच्या पोटातला सगळा कारभार वर्तमानपत्रावर पसरला होता.

"हे काय करून राह्यले, जवाईबापू?" सोमाजी धावतच पुढं आला.

"याचे कपॅसिटर म्हातारे झाले होते, मामाजी. पार सुकून गेले. त्याच्यानंच किंचाळत होता. सगळे बदलून टाकले," राजदीप म्हणाला. जुने रेडिओ दुरुस्त करायचा त्याला भारी नाद. पहिल्याच दिवाळसणाला येताना त्यानं बल्लारपूरहून सुटे भाग खिशात घालूनच आणले होते.

सगळं परत जोडून त्यानं बटण फिरवलं. अंगणात बासरी घुमली. सोमाजीच्या बायकोचे, गोकुळाबाईचे डोळे भरून आले. सोमाजीचेही आले, पण वेगळ्या कारणानं.

तो रेडिओ ऐकायचा नव्हताच. जंगलाला लागून असलेल्या धानाच्या बांधीत, मचाणावर तो रोज संध्याकाळी लावला जायचा. असा काही ठणाणा करायचा की रानडुकरं शिवाराकडे फिरकत नसत. आता धान कापणीला आलं होतं. पण दिवाळीला आलेल्या जावयाला 'पहिल्यासारखा बिघडवून द्या' म्हणायचं कसं?

"लय गोड वाजते," तो कसाबसा म्हणाला.

"मग चला, शेतातच ऐकू!"

दिवस मावळताना दोघं मचाणावर चढले. रेडिओवर भावगीत लागलं. थोड्याच वेळात झुडपं हलली आणि डुकरांचा कळप बाहेर आला. बांधावर क्षणभर थांबून त्यांनी कान टवकारले. मग पंगतीला बसावं तशी सगळी निवांत धानात शिरली.

सोमाजीनं हाकारे घातले, डबा बडवला. डुकरांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत कराकरा चावली जात होती. राजदीपला कशाचाच पत्ता नव्हता. तो डोळे मिटून डोलत होता. अंतरा आला, त्याला राहवलं नाही, आणि त्यानं गळा मोकळा सोडला.

डुकरं जी उधळली, ती थेट नाल्यापार.

राजदीपनं डोळे उघडले. सासरा आपल्याकडे एकटक पाहतोय हे बघून तो लाजला. "आवडलं काय, मामाजी?"

सोमाजीनं रेडिओ बंद केला आणि दोन्ही हात जोडले.

"गायचं थांबू नका, जवाईबापू! अन् कापणी होयेपर्यंत घरी जायचं नाव काढू नका."