वन्स मोर

चौऱ्याहत्तर साली इंझोरीची भागिरथाबाई आपल्या लेकीला, वच्छलाला, बाळंतपणासाठी तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन आली, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वच्छलाची आधीची दोन्ही लेकरं जन्मल्यावर रडलीच नव्हती. तशीच पुरावी लागली होती.

बंद दाराआडून लेकीची किंकाळी आली आणि मागोमाग केरळच्या नर्सबाईचा आवाज, "वन्स मोर, वच्छला! वन्स मोर!"

भागिरथाबाईला इंग्रजी येत होतं ते एवढंच. गावच्या नाटकात पद रंगलं की लोक हेच ओरडत. तिनं दारावर धाडकन थाप मारली. "काहो बाई, माही पोरगी मरून राह्यली, अन् तुमाले नाटक वाटते का? म्हणे वन्स मोर!"

"अम्मा, पुन्हा एकदा जोर लाव, असं बोलते मी तिला," आतून मोडक्या मराठीत उत्तर आलं. "तुम्ही गप बसा."

भागिरथाबाई जन्मात पहिल्यांदा कोणाच्या सांगण्यावरून गप बसली.

मग आतलं सगळंच थांबलं. किंकाळी नाही, नर्सबाई नाही. नुसता चापट मारल्याचा आवाज आला. मग दुसरी चापट. तिसरी. भागिरथाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मांजराच्या पिलागत एकदाच बारीकसं 'ट्यँ' झालं, अन् पुन्हा चिडीचूप.

तोंडातला पदर ओढून काढत, दाराच्या फटीला तोंड लावून भागिरथाबाई सारा दवाखाना हादरेल असं ओरडली,



"वन्स मोर, माह्या बापा! वन्स मोर!"